फाटकासमोरचा ठिय्या

आमची ताई अंगाने इतकी बारीक की घरात तिला सगळे सुतळी म्हणायचे. तिने तोंड उघडलं की पुढचा बॉम्ब ऐकू यायचा. लग्नानंतर ती भाऊजींबरोबर परदेशात गेली आणि तिथे एका कंपनीत फिजिओथेरपिस्ट म्हणून कामाला लागली. पडून हाडं मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं आणि त्यांना पुन्हा चालायला लावायचं, हे तिचं काम. घरं लांब लांब, म्हणून तिने एक जुनी मोटरसायकल घेतली. भाऊजी म्हणाले, "या वयात मोटरसायकल?" ती म्हणाली, "मग काय, वय झाल्यावर घेऊ?"

तिच्या पेशंटांत एक निवृत्त हेडमास्तर होता. खुब्याचं हाड मोडलं होतं. जन्मभर त्याने पोरांना बाकावर उभं केलं, आता त्यालाच कोणी उभं केलेलं खपत नव्हतं. ताई त्याला रोज खोलीभर चालवायची आणि तो रोज तिला शिव्या घालायचा. एक दिवस त्याने मुलीला सांगितलं, "या बाईने माझा हात पिरगाळला." मुलीने तडक कंपनीकडे तक्रार केली. कंपनीने ताईला एका शब्दानेही विचारलं नाही. ते घर तर गेलंच, आणखी दोन घरंही काढून घेतली. बाहेरची बाई, तिची बाजू कोण ऐकतो?

पुढे त्याच गल्लीच्या टोकाला तिला नवी पेशंट मिळाली. एका सकाळी ती तिकडे निघाली असताना, नेमकं हेडमास्तरच्या फाटकासमोर, मोटरसायकलची चेन उतरली आणि मागच्या दातेरी चाकाच्या फटीत अडकली. चाक जागच्या जागी जाम. गाडी घसरली, ताई पडली, गुडघा सोलवटला. समोरच्या घरातला माणूस झाडांना पाणी घालत होता. त्याने बघितलं, नळ बंद केला आणि आत निघून गेला.

ताईने गाडी कशीबशी उभी केली, पण ती पुढे सरकेना की मागे. एवढ्यात हेडमास्तरची मुलगी कारची किल्ली हातात घेऊन बाहेर आली.

"तू? इथे काय करतेस?"

"गाडी बंद पडली. चेन अडकलीय, चाक फिरत नाही."

"मला कार बाहेर काढायचीय. उचल ती."

"एकटीने उचलायला मी काय क्रेन आहे? तुम्ही एका बाजूने धरा, होईल कडेला."

"तुझ्या गाडीला मी हात लावू? माझ्या वडिलांना तू हात लावलास तेवढं पुरे झालं."

ताईने गॅरेजवाल्याला फोन लावला. त्यानेच आठवड्यापूर्वी चेन बसवली होती. तो म्हणाला, "मी बसवली तेव्हा ठीक होती. तुम्हा बाहेरच्या लोकांना गाडी वापरता येत नाही," आणि फोन ठेवून दिला.

"'छेन अडखलीय,'" मुलगी तिच्या बोलण्याची नक्कल करत म्हणाली. "आधी नीट बोलायला शिक, मग गाड्या चालव. पोलिसांना बोलवू का?"

"बोलवा. उचलायला तेवढीच माणसं होतील."

ताईने सीटखालचा स्क्रूड्रायव्हर काढला आणि फतकल मारून रस्त्यावर बसली. एक एक कडी उचकटून सोडवायला लागली. हात काळे, गुडघ्यातून रक्त. खिडकीखिडकीत माणसं उभी होती. वर हेडमास्तरची खिडकीही उघडली.

"हाकला तिला!" तो ओरडला. "हाकला!"

मग तो खिडकीतून दिसेनासा झाला. थोड्या वेळाने घराचं दार उघडलं आणि वॉकर आपटत तो स्वतःच पायऱ्यांवर आला. मुलगी बघतच राहिली. ताई गेल्यापासून त्याने अंथरूण सोडलं नव्हतं. मला उठवत नाही म्हणून जेवण, अंघोळ, सगळं तो मुलीकडून जागेवर करून घेत होता.

"बाबा! तुम्ही खाली कसे आलात?"

"चालत आलो! हिला दोन शब्द सुनावायला आलो!"

तो डावा पाय फरपटत येत होता. ताईच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "टाच टेका!"

आणि त्याने टेकली. त्याबरोबर तो आणखीनच भडकला. "हेच! रोज हेच! टाच टेका, पाय उचला, अजून एकदा! म्हणून सांगितलं मी, हात पिरगाळला. नाहीतर तू हिला घालवली असतीस का?"

हे त्याने शाळेचा निकाल वाचून दाखवावा अशा थाटात सांगितलं. मुलीचा चेहरा लालबुंद झाला.

नेमकी त्याच वेळी शेवटची कडी सुटली आणि चाक फिरायला लागलं. ताईने पटकन हाताने ते थांबवलं आणि चाकाला पाठ लावून बसली.

"आता कंपनीला फोन करा," ती म्हणाली. "माझ्यासमोर. स्पीकरवर."

"मला उशीर होतोय. संध्याकाळी बघते."

"बघा. गाडी हलत नाही."

मुलीने दातओठ खात फोन लावला. "त्या तक्रारीत जरा गैरसमज झाला होता..."

"गैरसमज नाही," ताई खालून म्हणाली. "खोटं."

मुलीने घड्याळाकडे बघितलं. "माझ्या वडिलांनी खोटं सांगितलं होतं," ती म्हणाली आणि फोन पर्समध्ये कोंबला.

ताई उठली, कपडे झटकले आणि गाडी सहज ढकलत कडेला नेली.

"म्हणजे हलत होती?"

"आत्ताच हलायला लागली."

"नालायक!" मुलगी किंचाळली आणि कार ताईच्या इतक्या जवळून नेली की तिला भिंतीला चिकटावं लागलं. म्हातारा पायऱ्यांवर एकटाच ओरडत राहिला. त्याला आत न्यायला कोणी नव्हतं आणि ताईने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तिथून ती गाडी ढकलत गॅरेजमध्ये गेली. तिथे दुसरं भांडण झालं आणि नवी चेन बसेपर्यंत ती दारातून हलली नाही. कंपनीने काढलेली दोन्ही घरं परत दिली, पण वर बजावलं, 'यापुढे पेशंटशी जपून वागा.' त्यावरून तिने कंपनीच्या बाईलाही चार खडे बोल सुनावले.

मी फोनवर म्हटलं, "ताई, जाऊ दे. खरं बाहेर आलं ना शेवटी?"

"त्यांनी सांगितलं म्हणून नाही आलं," ती म्हणाली. "कार अडकली म्हणून आलं."

गल्लीच्या टोकाची पेशंट तिने सोडली नाही. अजून त्याच फाटकावरून जाते, आणि मुलगी बाहेर दिसली तर दोघी एकमेकींकडे बघत नाहीत. भाऊजी म्हणतात, रोज कशाला डोकं तापवून घेतेस, मागच्या रस्त्याने जा. तिचं म्हणणं, तो रस्ता लांब पडतो.