मोटारींची कुस्ती

आकारामचे दोन्ही कान फुटलेले होते. मंगळवार पेठेतल्या तालमीत मिसरूड फुटायच्या आधीपासून माती खाल्ल्याची ती खूण. लढाईच्या काळात तो फौजेत लॉरी चालवायला गेला, ब्रह्मदेशातून धडधाकट परतला आणि शाहूपुरीतल्या एका गॅरेजात फिटर म्हणून लागला. धाकटा भाऊ केरबा ट्रक चालवायचा. आजऱ्याच्या पुढच्या घाटात गुरुपाद नावाच्या ड्रायव्हरने पुढे घुसण्याच्या ईर्ष्येने केरबाचा ट्रक कडेला रेटला. काजूच्या पोत्यांसकट ट्रक दरीत गेला, केरबाही गेला. पाहणारं कोणीच नव्हतं. 'त्याचाच तोल गेला,' असं सांगून गुरुपाद कोर्टातून सुटला. त्या दिवसापासून आकारामने त्याचं नाव घेतलं नाही. तो त्याला नुसतं 'त्यो' म्हणे.

एकावन्न सालच्या उन्हाळ्यात, लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या तात्यांनी गावाबाहेरच्या माळावर मोटारींची शर्यत ठेवली. लहानशी गोल वाट आखली, कडेने वाळूची पोती रचली. पण नुसत्या शर्यतीला कोल्हापूरचा माणूस कशाला येतोय? म्हणून तात्यांनी हलगी वाजवत दवंडी पिटवली, 'मोटारींची कुस्ती! धडक द्यायला मुभा!' निपाणीकडून गुरुपाद उतरणार म्हटल्यावर आकारामनेही नाव दिलं.

"अवं, भावजी गेलं, आता तुमीबी जानार व्हय?" बायको चिमणाबाई दारात आडवी उभी राहिली.

"शर्यतीला चाललोय, मसनात न्हवं."

"तुमची नजर शर्यतीची न्हाय. त्येला मारायला चाललाय तुमी."

 तिला बाजूला सारून आकाराम निघाला.

माळावर माणूस मावत नव्हता. तालमीचे म्हातारे वस्ताद पटका बांधून पुढेच बसले होते. गाड्यांची दारं दोरखंडाने बांधली होती, काचा काढून टाकल्या होत्या. गुरुपादने पलीकडच्या गाडीतून हाक मारली, "काय पैलवान, चाक फिरवायला येतंय, का नुसतं शड्डूच मारायचा?"

आकारामने इंजिन एवढं घुमवलं, की गुरुपादचं हसणं त्यात बुडून गेलं.

झेंडा पडला. पहिल्याच वळणावर दोन जीपा एकमेकींत घुसल्या. एकाचं तोंड स्टेअरिंगच्या चाकावर आपटून दात सांडले. त्याने तसंच रक्त थुंकत गाडी मागं घेतली. लोक चेकाळले. धुळीत कोण कुठे आहे ते दिसेना. आकारामला मात्र एकच गाडी दिसत होती. त्याने गुरुपादला मागून एकदा ठोकलं, पुन्हा ठोकलं. गुरुपादने वळून पाहिलं. आता तो हसत नव्हता. त्यानेही गाडी अंगावर घातली. पत्रा पत्र्यात अडकून किंचाळला आणि आकारामच्या कपाळातून रक्ताची धार डोळ्यात उतरली. एका डोळ्याने बघत त्याने वळणावर आतून मुसंडी मारली आणि घाटात केरबाला बसला असेल तसाच धक्का बरोबर पुढच्या चाकाच्या मागे दिला. गुरुपादची गाडी पोत्यांवर चढली, कलंडली आणि वाटेच्या मधोमध उलटी पडली. चाकं आभाळाकडे फिरत राहिली.

"चितपट!"

सगळा माळ उठला. कोल्हापूरच्या माणसाला पाठ जमिनीला लागली म्हणजे कुस्ती संपली, एवढंच ठाऊक. बाकीच्या गाड्या अजून पळताहेत हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. लोक कुंपणाचे बांबू मोडून आत घुसले. हलगी कडाडली, पटके उडाले. निपाणीकडची माणसं काठ्या घेऊन धावली. "चीत न्हवं, दगा हाय!" "दगा तुज्या बापाचा!" उलट्या गाडीभोवती डोकी फुटू लागली. आत गुरुपाद स्टेअरिंगच्या चाकाखाली चेमटून ओरडत होता, ते कोणाला ऐकू जाईना.

आकारामने गाडी मागे घेतली होती. आणखी एक धडक, की काम फत्ते. पण मध्ये माणसं होती.

एवढ्यात वळणापलीकडून भरधाव इंजिनाचा आवाज आला. शाहूपुरीतल्या पेढीवाल्याचा पोरगा वसंत, धुळीत काही दिसत नसताना, पहिला नंबर काढायला सुसाट येत होता. लोकांनी तो आवाज ऐकला आणि वाट मिळेल तिकडे पळ काढला. मध्ये उरली उलटी गाडी आणि खिडकीतून बाहेर आलेला, माती चाचपणारा एक हात.

आकारामला काही करायचंच नव्हतं. नुसतं बसून राहायचं. वसंतच्या धडकेत तो मेला असता, आणि आकारामच्या हाताला रक्तही लागलं नसतं.

पोत्यांमागून वस्तादांचा चिरका आवाज आला, "आकाराम! पाठ लागलीया त्येची!"

पाठ लागलेल्याला बोट लावायचं नाही, आणि लावू द्यायचंही नाही. तालमीचा हा नियम त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. एक घाण शिवी हासडत त्याने गाडी वळणावर आडवी घातली. वसंतची गाडी त्याच्या दारात घुसली. वसंत पोत्यांवर फेकला गेला, त्याचा हात मोडला. दोरखंडाने बांधलेलं दार तोडून आकारामला बाहेर काढलं तेव्हा त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नुसत्या कातड्याला लोंबत होता.

गुरुपाद जगला. दवाखान्यात आकारामला भेटायला मात्र तो कधीच आला नाही. आली त्याची आई गंगव्वा, फडक्यात ज्वारीच्या भाकरी बांधून. खाटेच्या पायथ्याशी ती उभी राहिली. पाया पडायला वाकली आणि एकच पाय बघून तशीच थबकली.

"माझं लेकरू राखलास, अण्णा."

"तुज्या लेकरानं माजा भाऊ मारला, म्हातारे."

चिमणाबाईने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. गंगव्वाने पदर तोंडाला लावला. 

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "त्यानं मला सांगितलंय. झोपंत ओरडतोय त्यो."

कोर्टात जे कोणी बोललं नाही, ते या बाईने खाटेशी उभं राहून सांगितलं. आकारामने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"चिमे, तिला पानी दे," तो म्हणाला. "लांबनं आलीया."

त्याला हवी होती ती एवढीच कबुली होती, आणि ती पाय न देताही मागता आली असती की काय, हा विचार तो कुबडीवर चालायला शिकला तरी त्याची पाठ सोडीना.