भि. सखाराम नक्की कोण?

चार नाटकवाले जमले की किस्से निघतातच. आमच्या साताऱ्याच्या मंडळात मात्र सगळे किस्से फिरून एकाच माणसापाशी येतात. नाटककार भि. सखाराम! जत्रेजत्रेत त्यांची नाटकं गाजली, पण माणूस कुणी पाहिला नाही. वही यायची, लेखक यायचे नाहीत.

*

आमचे रिटायर्ड सुभेदार म्हणतात, "ह्यो गडी फौजीच! हँडबिलावर 'बी. सखाराम' छापलंय. असं नाव फौजेतच लावत्यात." सुभेदारांना फौजेबाहेर शहाणा माणूस अजून भेटलेला नाही.

*

वाईच्या एका गृहस्थांना 'भिकाजी सखारामपंत' असं हँडबिल सापडलं. त्या दिवसापासून नाटककार त्यांच्या भाऊबंदांत जमा! म्हणे, "अहो, भाषा बघा ना किती शुद्ध!"

*

सांगलीच्या प्राध्यापकांनी सगळी हँडबिलं भिंतीवर लावून व्याख्यान दिलं. निष्कर्ष काय, तर हे तीन वेगळे लेखक!

सुभेदार उठले. "सर, तिघंबी दुसऱ्या अंकात आईलाच मारत्यात. एवढी जुळणी आमच्या पलटणीतबी न्हवती!"

*

यंदा रहिमतपूरजवळच्या एका गावानं नवा रंगमंच बांधला आणि त्याला या नाटककाराचं नाव द्यायचं ठरवलं. नाव कसं कोरायचं, हे ठरवायला आम्हालाही बोलावलं. तिथं विमलबाई आल्या, सांगलीच्या रिटायर्ड नर्स. नाटककाराची मुलगी!

पिशवीतून त्यांनी वह्या काढल्या. प्रत्येक अंकाखाली सही होती : भिवा सखाराम कांबळे.

"वडिलांनी जाताना एकच मागितलं," त्या म्हणाल्या. "एकदा तरी पूर्ण नाव लागू दे."

मग मीच बोललो. तरुणपणी मी छापखान्यात प्रुफं तपासायचो. पडदा उघडण्याआधी लेखकाच्या नावानं नारळ फोडायची रीत होती. जत्रा कमिटीचा माणूस मजकूर देतानाच सांगायचा, "आडनाव काढा. न्हाईतर नारळ कोण फोडणार न्हाई." मी लाल पेन्सिलीनं काट मारायचो. उरलेल्या नावाला मग जो तो गाव आपल्या सोयीचं रूप द्यायचा. लेखकाला बोलावणं कुणीच धाडायचं नाही. हे सगळं माहीत असून इतकी वर्षं या वादात मी चहा पीत गप्प बसलो. बाईंकडे मान वर करून बघायची लाज वाटली मला.

कमिटीच्या अध्यक्षांनी कोरायच्या दगडाकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"ताई, दगूड लय ल्हान हाय. आडनावाला जागा पुरंल का?"

विमलबाईंनी वही मिटली.

"हँडबिलावर पण जागा होती, दादा."