चिंचेला टांगलेलं इंजिन

आमच्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरचं पेट्रोल इंजिन पार झिजलं, तेव्हा मी एकोडीच्या घरी, अंगणातच, तिच्यात डिझेलचं इंजिन बसवायचं ठरवलं. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडे बरेच जण असं करत. मला घाई होती ती आईमुळे. तिची थोरली बहीण आंबागडला अंथरुणाला खिळली होती आणि माणसं ओळखेनाशी होत चालली होती. आईच्या खुब्याचं हाड मोडून नीट जुळलं नव्हतं, एसटीची पायरी तिला चढवत नसे. मावशीची ओळख शाबूत आहे तोवर आईला पोहोचवायचं, तर गाडी हवी होती.

जुनं इंजिन भंगारातच जायचं होतं, म्हणून साकोलीच्या मिस्त्रीनं ते जागेवर उघडून भागाभागानं काढलं. दुसऱ्या गाडीवरून उतरवलेलं हे डिझेल इंजिन मात्र अख्खंच वरून सोडायचं होतं. वजन सव्वादोन क्विंटलच्या आसपास, म्हणजे धानाची तीन पोती. मिस्त्रीची साखळीची कप्पी हायवेवर उलटलेल्या एका ट्रकच्या कामाला गेली होती. कधी परत येईल, सांगता येईना. शेजारचे काका म्हणाले, "कप्पी कायले पायजे? माही जोडी आहे ना."

मी अंगणातल्या चिंचेच्या फांदीचा घेर मोजला, दोर वितावितानं तपासला आणि विहिरीचं लोखंडी चाक फांदीला बांधलं. दोराचं एक टोक इंजिनला, दुसरं बैलांच्या जुवाला. बैल चालू लागले तसं इंजिन अलगद वर आलं. आम्ही गाडी ढकलून बरोबर त्याच्याखाली आणली. आता बैलांनी थोडं मागं सरकायचं, की काम झालं.

बैल सरकेनात. मोटेचे बैल मागं येतात, पण आमच्या भागात धानाला पाणी तलावाचं. मोट ओढलेली जोडी काकांच्या घरी कधी नव्हतीच. नांगर, बंडी म्हणजे बैलगाडी, धानाची मळणी म्हणजे चुरणी, सगळी कामं पुढं चालण्याची. बंडी मागं घ्यायची तर माणसंच चाकाला हात लावतात. काकांनी कासरा ओढला, तसे बैल माना झटकून आणखी पुढं गेले आणि इंजिन फांदीला टेकायला आलं.

"काका, बैलायले रिव्हर्स गेअर नाही का?" मिस्त्री म्हणाला.

"तुह्या गाडीले तरी कोणता गेअर आहे सध्या?"

ओसरीतून आई ओरडली, "टांगून ठेवा तसंच. माह्या बहिणीलेच बलावून घेतो पाहाले."

इंजिन पडलं असतं तर फुटलं असतं, आणि दुसरं मिळेपर्यंत मावशी कोणत्या अवस्थेत असेल याची खात्री नव्हती. काका बैलांच्या तोंडापुढं आडवे उभे राहिले. मी बंडीवरचं ओझं आवळायचा जाड दोर, म्हणजे नाडा, आणला, तो ताणलेल्या दोराला गाठ मारून जोडला आणि पलीकडच्या कडुनिंबाच्या बुंध्याला ताणून तीन वेढे दिले. नाड्यावर भार आल्याची खात्री झाल्यावर जुवाकडची गाठ सोडली. मग मी आणि काका तो नाडा बोटाबोटानं सैल सोडत गेलो. मिस्त्री खाली हातानं इंजिन वळवत होता. गिअरबॉक्सचा दांडा इंजिनाच्या क्लच प्लेटच्या दातात बसायला मात्र दिवस मावळला.

गाडीची बॅटरी लहान होती, डिझेल इंजिन तिच्यानं फिरेना. सकाळी गल्लीतल्या लोकांनी ढकलून दिली तेव्हा ते सुरू झालं. मग मी वाटेत कुठंही ते बंद केलं नाही. आंबागडला मावशीच्या दारात थांबलो तेव्हाही चालूच ठेवलं. आईला आत खाटेपाशी बसवलं आणि गाडीशी येऊन उभा राहिलो. त्या धडधडीत आतलं काही ऐकू येत नव्हतं.

थोड्या वेळानं मावशीची सून दारात आली.

"भाऊजी, ते बंद करा."

"ओळखलं का आईला?"

"कुठं? त्या म्हणून राह्यल्या, दारात गिरणी कोणी लावली. डोळ्याले दिसत नाही, आन् या गोंधळात आयकू काय येईल?"

ते पुन्हा सुरू होईल की नाही, मला ठाऊक नव्हतं. मी बंद केलं.

आत आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "बाई, मी आली ना." मी दाराशी गेलो. मावशीचा हात आईच्या मनगटावरून कोपरापर्यंत चाचपडत गेला आणि थांबला.

"लहानी होय का वं? आन् खुबा कसा आहे तुहा?"

आई मग खुब्याचं सांगू लागली, अगदी पडल्या दिवसापासून. मी चावी खिशात टाकली आणि ओसरीवर बसलो.