तांब्याच्या हंड्यातलं पाणी

हे सुमनलाही ठाऊक नाही, आणि आमच्या लग्नाला आता चाळीसच्या वर वर्षं झाली. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, बहुधा म्हणूनच. शिवाय दुपारी जरा डोळा लागला की मला अजून ते दिसतात — काचेवरचे जीव. झोपलेले. मी पाणी लावायची वाट बघणारे.

थांबा, क्रमाने सांगतो. नाहीतर नेहमीसारखा निसटेन.

संपाचं तिसरं वर्ष लागलं होतं. माझा मोठा भाऊ, दादा, गिरणीत कापड विणायच्या साच्यावर होता. म्हणजे आता कशावरच नव्हता. लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तो, वहिनी, त्यांचे दोन मुलगे, आई आणि मी. मी माशांच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस. टाक्या धुवायच्या, काचपट्ट्या पुसायच्या, आणि साहेब बाहेर गेले की सूक्ष्मदर्शकात डोकवायचं. घरी आम्ही त्याला दुर्बीणच म्हणायचो.

दादाने गॅलरीच्या टोकाला अर्धं कापलेलं पिंप ठेवलं आणि त्यात गोल्डफिश पाळले. साचा सोडून थेट समुद्रात काय रे, असं शेजारी चिडवायचे. हे गोड्या पाण्यातले मासे, असं तो प्रत्येकाला न रागावता समजावून सांगायचा. दुपारचं ऊन पिंपात उतरलं की भिंतीवर उजेडाची जाळी हलायची, आणि दादा तिच्याकडे बघत बसायचा. गिरण्यांचा आवाज गेल्यापासून चाळ इतकी शांत झाली होती की वर आलेल्या माशाने घेतलेला घोटसुद्धा ऐकू यायचा. तेव्हा तो खूश असायचा. हे मला दिसत होतं, बरं का. दिसत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

मादी अंडी घालायची, पण दुसऱ्या दिवशी सगळी पांढरी पडलेली. एकही फळायचं नाही. असं चार वेळा झालं. शेवटी दादाने सांगून टाकलं — एक वीण जगली तर इथेच राहीन, हाच धंदा करीन; नाहीतर शिमग्यानंतर बायकापोरांना घेऊन गावी.

आणि माझं लग्न वैशाखात ठरलं होतं. सुमनला घेऊन मी त्या खोलीत कुठे राहणार होतो? माळ्यावर?

एका शनिवारी, साहेब नसताना, दादा प्रयोगशाळेत आला. पिशवीत नर, आणि बाटलीत पाणी. वीण घ्यायची असली की ज्यात तो जोडी सोडायचा, ते. नराचं पोट मी हलकेच दाबलं. पांढरा थेंब काचेवर आला.

माशाचे शुक्रजंतू नराच्या अंगात असेपर्यंत निजलेले असतात. पाणी लागलं की जागे होतात आणि जेमतेम मिनिटभर पोहतात. तेवढ्यात अंडं गाठलं तर गाठलं. मी आधी आमच्या टाकीचं पाणी लावलं. सगळी काच जिवंत झाली, जत्रा उसळावी तशी. किती सुंदर दिसतं ते, कसं सांगू? मग दुसऱ्या थेंबाला दादाचं पाणी लावलं. जरा थरथरले, आणि थांबले. पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच.

"पाणी कशात ठेवतंस?" मी विचारलं.

"आईच्या तांब्याच्या हंड्यात, रातभर. पोरांका चोख पाणी नको? हंडो दर वेळी चिंचेन घासतंय."

पोरं म्हणजे माशांची. जी अजून झालीच नव्हती.

साहेब टाक्यांजवळ तांब्याची तारसुद्धा येऊ द्यायचे नाहीत. तांबं पाण्यात उतरतं. मोठा मासा ते काही काळ सोसतो, शुक्रजंतू सोसत नाहीत — हे मी शंभरदा ऐकलं होतं. देवाच्या पाण्यासारखं जपलेलं ते पाणीच घात करत होतं. प्लॅस्टिकच्या बादलीत ठेव, एवढंच सांगायचं होतं.

मी म्हणालो, "पाणी बरां आसा, दादा. नरच निकामी. दुसरे आणलंस तरी तांच होतला."

एवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. मी त्याला दुर्बिणीतून दाखवलंसुद्धा. त्याच्याच पाण्याने मेलेली काच. तो एक डोळा मिटून किती वेळ बघत राहिला.

"बरां झालां तू हयसर आसस," तो म्हणाला. "नायतर मी उगीच आस धरून रवलंय असतंय."

शिमग्यानंतर ती चौघं गेली. वैशाखात सुमन त्या खोलीत आली. आज चाळीच्या जागी टॉवर आहे आणि त्या खोलीच्या बदल्यात मिळालेला फ्लॅट माझ्या नावावर आहे. दादा गावी चिऱ्याच्या खाणीवर राबला, पाठ जाईपर्यंत.

इथवरचं कदाचित मी कधीतरी सुमनला सांगूही शकलो असतो. तरुण होतो, खोली हवी होती, वगैरे. पण गेल्या गणपतीत गावी गेलो होतो. दादाचा धाकटा मुलगा घरामागे शेततळं खणून मासे सोडायचं म्हणत होता. अर्जाचे कागद भरून तयार होते. तो तळ्याची आखणी सांगत होता आणि दादा बाजेवर पडून ऐकत होता.

"आपल्या हाताक मासो लाभणा नाय," दादा म्हणाला. "काकाक विचार. तेणां दुर्बिणीतून बघलेलां."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. आता मला खोली नको होती. लग्न व्हायचं नव्हतं. खरं बोलून माझं काय जाणार होतं? दादाच्या नजरेतला तो विश्वास, बस. तेवढाच.

"दादा सांगता तां खरां आसा," मी म्हणालो.

पोराने कागदांची घडी घातली आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं.