उतारावरचा छर्रा आणि कंचा

मी सांगितलं म्हणून मुलांनी काही मानू नये, स्वतः पाहून मानावं, हा माझा जुना हट्ट. त्यासाठी बरंच डोकं लढवून सातवीसाठी एक प्रयोग बसवला. मोडक्या बाकाची फळी, एका टोकाखाली विटा, पुलगावच्या गॅरेजमधून मागून आणलेला बेअरिंगचा लोखंडी छर्रा आणि त्याच मापाचा काचेचा कंचा, म्हणजे खेळायची गोटी. दोन्ही एकदम सोडले की एकदमच खाली पोचतात. खाली काडेपेटी ठेवली, तर जड छर्रा मात्र तिला जास्त लांब ढकलतो. वेग सारखा, ऊर्जा जास्त. घरी दहादा करून पाहिलं होतं.

माझं नशीब असं, की आदल्याच आठवड्यात शाळेत बुवाबाजीविरुद्ध कार्यक्रम झाला होता. पाहुण्यांनी नारळातून कुंकू काढलं, त्यातली लबाडी सांगितली आणि बजावलं, आधी तपासा, मग माना. पोरांनी ते भलतंच मनावर घेतलं, आणि तावडीत पहिली सापडले मी.

छर्रा आणि कंचा एकदम पोचले. टाळ्या नाहीत, नुसते बारीक केलेले डोळे.

"मॅडम, फळीखाली चुंबक असन," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

फळी उलटी करून झाली. विटा फिरवून पाहिल्या. सोडणारा हात बदलला, कंचा बदलला. तरी तेच. मग छर्र्यानं काडेपेटी लांब ढकलली, तसा संशय आणखीच वाढला.

"दोघं संगंच पोचले, मंग यानंच जास्त काऊन ढकललं? कायीतरी गडबड हाय."

मला राग आला. मी काय जादूचे खेळ करणारी वाटले?

"मॅडम, बाही वर करा बरं. बुवा लोक बाहीत लपवते म्हने."

केली, तावातावानं, पार खांद्यापर्यंत. दंडावरचा ताईत साऱ्या वर्गाला दिसला.

"याच्यात काय हाय?"

"मला माहीत नाही. मी आजारी होते तेव्हा नाचणगावला माझ्या आईनं बांधला. आई आता नाही."

"उघडून पाहू?" पहिल्या बाकावरच्या त्याच मुलीनं विचारलं.

आता नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? गाठ सोडली आणि ताईत तिच्या तळहातावर ठेवला. "तपास," म्हटलं.

तिनं तो कानाशी हलवला, तोंडावरचं मेण खरवडायला नख लावलं, आणि माझ्याकडे बघून थांबली.

"राहू द्या, मॅडम. तुमच्या आईनं बांधला न." तिनंच तो परत माझ्या दंडाला बांधला.

मी घाईनं फळी सरळ केली आणि छर्रा तिच्यापुढे धरला. "चल, सोड पुन्हा. अजून शंका आहे ना तुझी?"

"कायले, मॅडम? तुमी म्हन्ता तर खरंच असन," ती म्हणाली, आणि सगळ्या वर्गानं लिहून घ्यायला वह्या उघडल्या.