बाळंतिणीची फायरप्लेस

आमच्या घरात फायरप्लेस होती. ज्या गावात उन्हाळ्यात थंड पाण्याच्या नळाला चहाला चालेल असं पाणी येतं, त्या कतारच्या दोह्यात हे वाक्य उच्चारायला धाडस लागतं. मी ते सहसा उच्चारत नसे.

घरमालकांनी तरुणपणी युरोपात कुठेतरी ती पाहिली आणि आपल्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या दिवाणखान्यात, तशीच गॅसवर चालणारी बसवून घेतली. पुढे ते मोठ्या घरात गेले आणि या व्हिलाचे मधे जिप्समच्या भिंती घालून तीन तुकडे झाले. मजलिसचा तुकडा आमच्या वाट्याला आला. त्याबरोबर झुंबर आलं आणि संगमरवरी चौकटीतली फायरप्लेस आली. आम्ही राहायला येण्यापूर्वी घरमालकांच्या मॅनेजरने तिला आतून-बाहेरून सोनेरी रंग मारून घेतला होता. जाळी सोनेरी, लाकडासारखे दिसणारे मातीचे ओंडकेही सोनेरी. ‘प्रीमियम फिनिश,’ तो म्हणाला होता. ती पेटते का, असं मी विचारलं तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी राजवाड्याच्या हत्तीला नांगराला जुंपायचं म्हणत होतो.

मलाही ती पेटायला नको होती. माझं पोट उद्घाटनांवर चालतं. मुशैरिबमधल्या एका ऑफिसात बसून मी मोठ्या माणसांची भाषणं लिहितो. झगमगाटाकडून कामाची अपेक्षा करू नये, एवढं तिथे शिकलो आहे.

मग जानेवारीत आम्हाला मुलगी झाली आणि बाळंतपणासाठी कराडहून सासूबाई आल्या.

त्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि ओवा, बाळंतशेपा, डिंक, वावडिंग जास्त होतं. घरात पाऊल टाकताच त्यांनी चपला काढल्या आणि लगेच पुन्हा घातल्या.

“ही फरशी हाय का बर्फाची लादी?”

दोह्याची थंडी सांगून खरी वाटत नाही. पण उत्तरेचा वारा सुटला की उंच छताची, संगमरवरी फरशीची ही घरं गारठून जातात. एसीला गार करण्यापलीकडे काही येत नाही. आम्ही हीटर आणला. तो लावला की एमसीबी पडायचा आणि भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाचा टीव्हीही बंद व्हायचा. तीन बिऱ्हाडांचं वायरिंग अजून एकत्र कुटुंबात होतं. शेजारी दोनदा सभ्यपणे आले. तिसऱ्यांदा क्रिकेटची मॅच होती, तेव्हा सभ्यपणा घरी ठेवून आले.

सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. बाळंतिणीला आणि बाळाला शेक पाहिजे. शेक म्हणजे शेगडी, आणि शेगडी म्हणजे विस्तव. त्यांनी एका पातेल्यात कोळसे पेटवून वर ओवा टाकला. इथे घरोघरी धूप घुमतो, कुणाचं काही बिघडत नाही. पण आमच्या ओव्याच्या धुरीला छतावरचा अलार्म असा बोंबलला, की तिन्ही बिऱ्हाडं अंगणात आली. बायको नर्स आहे. ती ओली बाळंतीण, पण तिथेच ठणकावून म्हणाली, “आई, बंद खोलीत कोळसा नाही म्हणजे नाही. झोपेत गुदमरायचंय का सगळ्यांना?”

“मग मी हिला नि बाळाला घिऊन जाते कराडला,” सासूबाई मला म्हणाल्या. “तीन महिनं. बाळाचा पासपोर्ट आला की निघालो.”

“आई, पण इथे—”

“जावईबापू, तुमी येताजाता इमानानं. लेकराच्या हाडात गारठा शिरला, तर तो काढाया कुठलं इमान हाय?”

बायकोला जायचं नव्हतं; पण दोन शाली पांघरून, पाय पोटाशी घेऊन बसलेल्या माणसाला वाद घालता येत नाही. मुलगी तेव्हा माझं बोट धरायला लागली होती. सगळीच बाळं धरतात हे मी वाचलेलं होतं. वाचून काही उपयोग झाला नाही. तीन महिन्यांनी ती मला ओळखणार नव्हती, आणि त्यात तिची काही चूकही नसती.

मी मॅनेजरला फोन केला. दुसऱ्या दिवशी तो टाय लावून, देखभाल कंपनीचे दोन तज्ज्ञ घेऊन आला. तज्ज्ञांच्या हातात टॅब होते. त्यांनी फायरप्लेसचे फोटो काढले, लेझरने भिंत मोजली आणि काच न उघडताच निदान केलं.

“सर, सिस्टीम खलास है,” मॅनेजर म्हणाला. “इसकी जगह हम इलेक्ट्रिक पॅनल लगा देंगे. स्क्रीन पे आग दिखेगी. आवाज भी आएगी, लकडी जलने की.”

“और गर्मी?”

“गर्मी नहीं, सर. लेकिन अॅम्बियन्स पूरा मिलेगा.”

सासूबाईंना मी हे मराठीत सांगितलं. “म्हंजे भुकेल्याला जेवणाचा फोटू,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या आठवड्यात पासपोर्ट आला आणि बाळाची बॅग भरून दाराशी उभी राहिली. मी ऑफिसातून लवकर निघालो आणि फायरप्लेससमोर मांडी घालून बसलो. इंटरनेटवर तिच्यासारख्याच एका यंत्राची माहितीपुस्तिका मिळाली होती. ओंडक्यांखाली एक झडप होती, तिच्यामागे ठिणगी पाडणारा डबा. डब्यातले सेल उन्हाळ्यात पाझरून त्यांना हिरवी बुरशी आली होती. बाळाच्या कानकाडीला व्हिनेगर लावून मी पत्र्या साफ केल्या, नवे सेल घातले आणि बटण दाबलं. टक, टक, टक. आवाज आला, आग नाही.

गॅस येत नसेल म्हणून अंगणात गेलो. एकाच सिलिंडरवर स्वयंपाकघरातली गॅसची शेगडी आणि ही, दोघी होत्या. हिची तोटी बंद होती, ती उघडली. पुन्हा टक, टक. आग नाही. मग पुढची काच उतरवली आणि बटण दाबून बायकोचा लांब दांड्याचा लायटर आतल्या बारीक नळीपाशी धरला. निळी ज्योत उभी राहिली! मी “आली!” असं ओरडेपर्यंत डब्याने आणखी थोडी टकटक केली आणि गॅस तोडला.

पुस्तिकेत याचं कारण होतं. ज्योतीच्या वाटेत एक बारीक सळई असते. ज्योत लागल्याची वर्दी ती डब्याला देते. वर्दी मिळाली नाही, तर डबा समजतो की आग लागलेलीच नाही, आणि गॅस बंद करतो. म्हणजे डोळ्यांसमोर ज्योत जळत होती आणि यंत्राचा विश्वास बसत नव्हता. मला त्या डब्याबद्दल जरा आपुलकी वाटली.

पण ठिणगी का लागू पडत नव्हती? मी गुडघ्यांवर बसून आत डोकं घातलं आणि बटण दाबतच राहिलो. तेवढ्यात खोलीत अंधार झाला.

“आई! दिवा!”

“एका माणसाला एवढं दिवं कशाला?” सासूबाई बटणापाशी उभ्या होत्या. रिकाम्या किंवा अर्ध्या रिकाम्या खोलीतला दिवा त्यांना सहन होत नाही, आणि आमचं झुंबर हा तर त्यांचा कायमचा वैरी. “मोबाईलची बॅटरी हाय की तुमच्यापाशी.”

मी उत्तर देणार होतो. पण बोट अजून बटणावर होतं, आणि अंधारात मला ठिणगी दिसली. जिथे पडायची तिथे नाही. मागे, वायरीपासून आतल्या लोखंडी चौकटीला, जिथे रंगाचा पोपडा निघाला होता तिथे. नळीच्या तोंडावर, ठिणगीच्या टोकावर, त्या वर्दीच्या सळईवर, सगळ्यावर मॅनेजरचं सोनं बसलं होतं. रंगातून वीज जाईना. ठिणगी बिचारी मोकळं लोखंड शोधत मागच्या दाराने पळत होती.

गॅस बंद केला. अल मुंतझा भागातल्या हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणला. जिथे वीज आणि ज्योत यांचं काम होतं तिथलं सगळं सोनं घासून काढलं, खालचं लोखंड करडं दिसेपर्यंत. वायर सरळ केली, काच बसवली, गॅस उघडला.

“दाबा,” सासूबाई म्हणाल्या. दिवा अजून त्यांनी लावला नव्हता.

टक. टक. धप्प.

निळी ज्योत आली, थांबली, डब्याची खात्री पटली, आणि ओंडक्यांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळी आग धावत गेली. मी आयुष्यात पुष्कळ फिती कापलेल्या पाहिल्या आहेत. टाळ्या कुठे वाजवायच्या हेही भाषणात मीच लिहितो. पण त्या संध्याकाळी मी एकट्यानेच, अंधारात, न लिहिलेल्या टाळ्या वाजवल्या. आतून बायको ओरडली, “काय झालं? पडलास का?”

“पेटली!”

“घर?”

उरलेला रंग जळून वास जाईपर्यंत दोन संध्याकाळी खिडक्या उघड्या टाकून मी ती नुसतीच पेटवत राहिलो. ओंडक्यांवरचं सोनं काळं पडलं आणि ते प्रथमच ओंडक्यांसारखे दिसायला लागले. मॅनेजर पाहायला आला. त्याने आधी आगीकडे पाहिलं, मग काळ्या ओंडक्यांकडे.

“सर, फिनिश तो गया.”

“अॅम्बियन्स है,” मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी काचेपासून चांगलं अंतर ठेवून चटई अंथरली. बायको आगीकडे पाठ करून बसली आणि तिने पहिल्यांदा दोन्ही शाली खाली ठेवल्या. सासूबाई आगीवर तळवे तापवायच्या, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायच्या आणि मग नातीच्या पोटावर, टाळूवर, गुडघ्यांवर ठेवायच्या. युरोपात पाहून बसवलेल्या संगमरवरी चौकटीवर लंगोट वाळत होते. मुलगी हातपाय ताणून झोपली होती. सासूबाईंनी एका हाताने कराडला सासऱ्यांना फोन लावला.

“आवो, तिकीट काढू नगा. न्हाई, न्हाई, बरं हायत सगळी. शेकाची सोय झाली हितं.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. “कुणी म्हंजे? मीच. दिवा घालवला मी, तवा कुठं जावयास्नी दिसलं. तुमी तुमचं जेवण करून घ्या, मी काय शिमग्याआधी येत न्हाई.”

बायको हसत उठली आणि दाराशी उभी असलेली बाळाची बॅग आत नेऊन कपाटात रिकामी करायला लागली.