घोडीला लागणारी गाणी

अमरावतीला आमच्या घरामागे एक टांगेवाला राहायचा. यजमानांना रोज कचेरीत सोडायचा. माझ्याशी मात्र "बाईसाहेब" एवढंच. आवाज असा, की साधं बोलला तरी भांडतोय असं वाटावं.

त्याच्या घोडीच्या मागच्या पायाची जखम चिघळली. कडुलिंबाच्या कोमट पाण्याने धुवून, हळद-तेल लावून, वर कापूस ठेवून तो धोतराची पट्टी बांधायला बसे. पण घोडी पायच देईना. तिचं सगळं आजवर त्याची लेक करायची, भुलाबाईची गाणी म्हणत. लेकीला तो लाडाने 'माय' म्हणायचा. ती यंदा लग्न होऊन हिवरखेडला गेली होती.

मग हा मिशाळ माणूस त्याच घोगऱ्या आवाजात पोरींची गाणी म्हणू लागला. मागच्या खिडकीत मला हसू आवरेना.

"काहून हासून राहिल्या, बाईसाहेब? तिले हेच लागते."

आणि खरंच, घोडी पाय सैल सोडायची.

एका संध्याकाळी तो मधेच अडला. घोडीने पाय ओढून घेतला. पुढची ओळ मला येत होती. अकोल्याला माहेरी आम्हीही भुलाबाई मांडायचो. मी खिडकीतूनच ती म्हटली आणि मग मला थांबवेना. गाणं संपलं, तेव्हा पट्टी केव्हाच बांधून झाली होती. तो घोडीचा पाय धरून तसाच बसला होता.

वर न पाहता म्हणाला, "अजून एक म्हन न, माय."